दर आणि माप



स्मृतिव्याख्यानाला आलेल्या वक्त्यानं पहिली दहा मिनिटं स्वतःच्या अपात्रतेवर बोलावं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. ती दहा मिनिटं मला आज विषयासाठी हवी आहेत. म्हणून आयोजकांचे आभार मानतो आणि थेट सुरुवात करतो.

विषय पैशाचा आहे. कामाचा मोबदला आणि नुकसानीची भरपाई माणसाला कसं वागायला लावतात, याचा. मोबदला कारखान्यात मिळतो आणि भरपाई पंचनाम्यावर मिळते, म्हणून त्यांची चर्चा आपण वेगवेगळ्या कचेऱ्यांत करतो. मोबदल्यासाठी कामगार आयुक्तांकडे जातो, भरपाईसाठी वनखात्याच्या दारात. मला मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट घडताना दिसते. पैसा ज्या मापानं मोजून दिला जातो, त्या मापाकडे माणूस वळतो. त्या मापात जे बसत नाही, त्याचा खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतो. आपण भांडतो ते बहुतेक वेळा दरासाठी. मापासाठी फार क्वचित भांडतो. या खानापूर तालुक्यानं ते भांडण एकदा केलं होतं, म्हणून हा विषय विट्यात बोलायचा.

सुरुवात मागापासून करू. साध्या मागावरच्या कामगाराची मजुरी मीटरवर असते आणि मीटरचा भाव पिकांवर ठरतो. (पीक म्हणजे कापडाच्या इंचातले आडवे धागे. छापील व्याख्यान बाहेरगावी वाचलं जाईल, त्यांच्यासाठी हा खुलासा. इथे तो करायची गरज नाही.) एकेका माणसाकडे सहा-सहा, आठ-आठ माग. एका मागावर ताण्याचा धागा तुटला, तर माग थांबवून गाठ मारायची, की शेजारच्या मागाची कांडी संपत आलीय तिकडे धावायचं? मीटरवर पैसे असतील तर उत्तर ठरलेलं आहे. माग चालू राहतो, कापडात फट राहते. मग मालक खराब कापडाला दंड लावतो आणि घडीवर रोज वाद होतो. पण मालक तरी मोकळा कुठे आहे? तो खर्चीवाला असेल, तर बीम व्यापाऱ्याचं, सूत व्यापाऱ्याचं आणि त्याची स्वतःची मजुरीही पिकावरच. मग मागाची डागडुजी पुढच्या महिन्यावर जाते आणि पाळी बारा तासांची होते. कारखान्यातला खडखडाट आणि कामगाराच्या छातीत जाणारा कापसाचा कोंडा कुठल्याच मीटरमध्ये येत नाही. इचलकरंजीत २०१३ च्या आंदोलनानंतर मजुरीवाढ महागाईशी जोडली गेली. ही मोठी गोष्ट होती, तिचं मोल कमी करायचं नाही. पण वाढला तो दर. माप मीटरच राहिलं.

उक्तं काम वाईट आणि रोजानं काम चांगलं, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत मोटारींच्या काचा बसवणाऱ्या एका कंपनीनं तासाचा पगार सोडून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञानं त्याचा हिशेब २००० साली मांडला. दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलं होतं. काच नीट बसली की नाही हे लगेच कळतं, म्हणून तिथे ते जमलं. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे लेझिअरनं सांगायला नको. लावण उक्ती देता येते. भांगलण उक्ती दिली तर तणाचे शेंडे निघतात, मुळ्या रानातच राहतात आणि पंधरा दिवसांनी रान पुन्हा हिरवं. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये हीच गोष्ट गणितानं सिद्ध केली. कामाची चार अंगं असतील आणि पैसे एकाच अंगावर मिळत असतील, तर उरलेली तीन अंगं मरतात, आणि अशा ठिकाणी साधा ठरावीक पगार परवडतो. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. भांगलणीला जाणाऱ्या बायकांना ते कुणी दिलं नाही, हा भाग वेगळा.

आता विट्यापासून जवळच्या विसापूरला जाऊ. तासगाव तालुक्यातलं हे गाव वि. स. पागे यांचं. विधान परिषदेचे ते अनेक वर्षं सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये याच तासगाव तालुक्यात झाला आणि त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. ७२ च्या दुष्काळानं तिला एकदम राज्यभराचं रूप दिलं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेसाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशानं खानापूर-आटपाडीच्या माणसाच्या हाताला काम मिळत होतं. सगळ्या देशाची रोजगार हमी २००५ साली आली. त्याच्या किती तरी आधी एका दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला हे सुचलं होतं, याचा आपल्याला अभिमान वाटलाच पाहिजे.

पण त्या कामावर मजुरी कशी मिळत होती? मोजमापावर. किती घनमीटर माती उकरली, किती ब्रास खडी फोडली, त्यावर. सरकारी पैसा मोजून द्यावा लागतो, त्याला इलाज नाही. पण मोजायला सोपं काय, हा प्रश्न येतोच. खडीचा ढीग टेप लावून मोजता येतो. बांध नीट पडला का, त्याच्या मागे पाणी मुरलं का, खालच्या विहिरीची पातळी किती वर आली, हे मोजायला दोन पावसाळे थांबावं लागतं, आणि मस्टर तर पंधरवड्याला भरायचं असतं. म्हणून ओव्हरसिअरला खडी आवडली, मजुराला खडीचा हिशेब कळला आणि रस्त्याच्या कडेनं ढीग लागले. त्यातले कित्येक ढीग पुढे वर्षानुवर्षं तसेच पडून होते. पागे यांच्या मनात उत्पादक काम होतं. मापानं त्याची खडी केली. दुष्काळात बाया-बापड्यांनी दगड फोडले, चूल पेटली, जीव वाचला, हे सगळं खरं. पुढचा दुष्काळ मात्र त्या दगडांनी एका दिवसानंही लांबला नाही.

इथे मुंबईतला एक संप या गोष्टीत येतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातले किती तरी या भागातले. खानापूर, माण, खटाव, शिराळा इथल्या घराघरातून एक तरी माणूस गिरणीत होता. त्या भांडणाच्या मुळाशी पगार होताच, बदली कामगारांची स्थिती होती, पण आणखी एक गोष्ट होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं बोलणी करायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि ती संघटना कामगारांना आपली वाटत नव्हती. म्हणजे मोबदला ठरवायच्या बैठकीत कामगाराच्या वतीनं कोण बसणार, हेच त्याच्या हातात नव्हतं. संप हळूहळू विझला. तो मिटल्याची घोषणा कुणी केली नाही, ही गिरणगावची जुनी तक्रार आहे. माणसं गावी परतली. इथे येऊन बघतात तर विहिरी आटलेल्या आणि काम म्हणून रोजगार हमीवरची खडी.

गिरणीत मागण्या कशा करायच्या हे शिकून आलेली ही माणसं. त्यांनी आधी रीतसर मागणी केली : काम द्या, मजुरी वेळेवर द्या. पुढे त्यांनी जे विचारलं, त्यासाठी मी आज इथे उभा आहे. त्यांनी विचारलं, ही खडी आम्ही का फोडतोय? मजुरी द्यायचीच आहे, तर दुष्काळ हटवणाऱ्या कामावर द्या. यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर तिच्या अग्रभागी होते. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला आले. पाऊस किती पडतो, कुठल्या पिकाला किती पाणी लागतं, पूर्वी काय पिकत होतं, ही माहिती गावकऱ्यांनी स्वतः गोळा केली. मजुरीच्या लढ्यात पर्जन्यमानाचा तक्ता मागणीपत्राला जोडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

मग येरळा. खटावातून येणारी, आपल्या उशाशी वाहणारी आणि पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी नदी. वाहणारी म्हणतो ते सवयीनं. तिच्या पात्रात वाळू होती आणि वाळूत पाणी होतं. वाळूचा लिलाव महसूल खातं करायचं. ठेकेदार ब्रासवर पैसे भरणार आणि ठेक्याची मुदत संपायच्या आत जेवढी काढता येईल तेवढी काढणार. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी तेच केलं असतं. रॉयल्टी तिजोरीत गेली, वाळू शहरात गेली, इमारती उठल्या आणि नदीकाठच्या विहिरी खाली गेल्या. ब्रासच्या हिशेबात विहिरीची नोंद नव्हती.

अशा वेळी सरळ मागणी कोणती असते? विहिरी आटल्या, नुकसानभरपाई द्या. अर्ज, पंचनामा, चेक, एखादं वर्ष निघालं असतं. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ती मागणी केली नाही. ते म्हणाले, वाळू आमच्या नदीची आहे, तिच्यातली काही आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही आमचं धरण बांधतो. सरकारला हे पचायला जड गेलं. संघर्ष झाला. संपतराव पवार आणि गावातले कार्यकर्ते चिकाटीनं मागे लागले. बाहेरून विद्यार्थी श्रमदानाला आले, मित्रमंडळींनी उसने पैसे दिले आणि १९८९ पर्यंत बळीराजा धरण उभं राहिलं. त्याच्या पाण्याच्या वाटपाचं तत्त्व धरणाहून मोठं होतं. जमिनीच्या मोठेपणावर पाणी नाही, कुटुंबाला पाणी, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत माणशी अर्ध्या एकराचं पाणी ठरवलं होतं आणि ऊस बाद केला होता. जातकुळी तीच. माप एकरावरून माणसावर आलं, की माणसं पाण्याकडे बघायची रीत बदलते. शेजाऱ्याच्या चारीतून पाणी जास्त गेलं तर ते आपल्या वाट्याचं जातं, हे दिसायला लागतं, आणि राखण करायला कुणाला पगार द्यावा लागत नाही.

एका छोट्या धरणानं सगळा तालुका ओलिताखाली आला नाही, येणारही नव्हता. पण १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांची जी पाणी संघर्ष चळवळ चालली, नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुख ज्यात होते, तिच्या समन्यायी वाटपाच्या मागणीत बलवडीचा धडा होता, हे विसरू नये.

आता जरा जड विषयाकडे येतो. ऊसतोड. हंगाम लागला की आपल्या जिल्ह्यात बीडच्या, तशाच जत-आटपाडीच्या टोळ्या उतरतात. मोबदल्याची रचना तुम्हाला माहीत आहे. मुकादमाकडून आधी उचल, मग टनावर मजुरी. मजुरीचा हिशेब माणसावर नाही, कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा असेल तर अर्धा कोयता. जानेवारी २०२४ मध्ये या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. वाढ योग्यच होती, उशिराच झाली. पण मापाकडे बघा. कोयता हे माप धरलं की बाईचं काम हिशेबात स्वतंत्र दिसतच नाही. पहाटे स्वयंपाक करून तीच मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते आणि पैसे कोयत्याच्या नावानं नवऱ्याच्या हातात पडतात. एक दिवस काम बुडलं तर खाडा, आणि खाड्याची रक्कम कोयत्याच्या खात्यावर. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तेच कर्ज. पाळीचे दिवस, गर्भारपण, पोटाचं दुखणं, या सगळ्याचा अर्थ खाडा.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याची बातमी आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणी झाली. ८२,३०९ बायकांची तपासणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींत एक. त्यात खासगी डॉक्टरांचा लोभ होता, भीती घालणं होतं, उघड्यावरच्या राहण्यातून होणारी दुखणी होती, हे मला मान्य आहे. एका कारणावर सगळं ढकलता येत नाही. पण ज्या कामात आजारपणाला दंड आहे आणि बाळंतपणाला शून्य आहे, तिथे शरीराचा एक अवयव काढून टाकणं बाईला सोयीचं वाटायला लागतं, एवढं तर खरं. दर दुप्पट केला आणि कोयता हे माप तसंच ठेवलं, तर खाड्याची भीती कमी होईल का? मला वाटत नाही. एका दिवसाच्या खाड्यात बुडणारी रक्कमही दुप्पट होईल. बाईचं नाव वेगळ्या ओळीवर लिहिणं, तिचे पैसे तिच्या खात्यावर टाकणं, उचलीला कायद्याची मर्यादा घालणं, हे सगळं दराच्या आधी यायला हवं होतं.

याच टनावर रानातलं पाचटही जळतं. पाचटाचा ऊस तोडायला वेळ लागतो, जळका ऊस झपझप उरकतो. मजुरी टनावर असल्यामुळे तोडकऱ्याला जळका बरा. शेतकऱ्याचं काय? तोड येत नाही, उन्हानं उसाचं वजन घटतंय, टोळी खुशाली मागतेय, ड्रायव्हर एंट्री मागतोय. ऊस जळाला तर कारखान्याला तो लवकर न्यावा लागतो. म्हणून कारखान्यानं जळीत उसाला कपात ठेवली, की लोकांनी पेटवू नये. इथे मला इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोग आठवतो. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येतात, म्हणून उशिराला दंड लावला. उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. आधी उशिराची लाज वाटायची, आता उशिराचा भाव कळला. पुढे दंड काढून टाकला, तरी ते प्रमाण खाली आलं नाही. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा हा अभ्यास २००० साली छापला गेला. जळीत कपातीचं आपल्याकडे हेच झालंय. ती रांग मोडायची फी झालीय. पाचट रानात कुजवलं असतं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळाला असता, पण पाचट ठेवणाऱ्याला कारखान्याच्या बिलात एक रुपया जादा नाही.

उसाचं निघालंच आहे तर टेंभू उपसा योजना. कृष्णेचं पाणी उचलून या डोंगरापर्यंत आलं, पिढ्यांचं स्वप्न पुरं झालं, त्याबद्दल दुमत नाही. विजेच्या बिलातला ८१ टक्के भार सरकारनं उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्यानं, असंही ठरलं. पण पाणीपट्टीचं माप पीक आणि क्षेत्र राहिलं. हेक्टराचे पैसे एकदा भरले की वीस पाळ्या द्या की दहा, फरक नाही. मग ठिबकवाल्याला बक्षीस काय? त्यात पाणीपट्टी वसूल करायची सोपी जागा म्हणजे उसाचं बिल. कारखाना कापून घेतो, खात्याकडे भरतो. ज्वारी-हरभऱ्याच्या शेतकऱ्याच्या दारात वसुलीला जावं लागतं. खात्यातल्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा, तुम्हाला कुणाच्या रानात पाणी गेलेलं आवडेल? कुणी कट केलेला नाही. वसुलीच्या सोयीनं पीक ठरवलं. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं पाणीवापर संस्थांना घनमापनानं पाणी द्यायची सोय करून ठेवली आहे. कायदा वीस वर्षांचा झाला. दरम्यान २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीजच फुकट झाली. विहिरीतल्या पाण्याला माप नव्हतंच, आता बिलाची आठवणही राहिली नाही.

जंगली जनावरांचा विषय शेवटी ठेवला, कारण भरपाई म्हटलं की लोकांना तोच आठवतो. सागरेश्वर अभयारण्य विट्यापासून लांब नाही. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर जिद्दीनं झाडं उभी केली, हरणं आणून सोडली आणि १९८५ मध्ये सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. माणसानं घडवलेलं अभयारण्य म्हणून आपण ते पाहुण्यांना दाखवतो. कुंपण मोडून हरणं खालच्या रानात येतात, ते मात्र पाहुण्यांना दाखवत नाही. शिराळ्याकडे बिबट्या उसात पिल्लं घालतो. हरणाचं, बिबट्याचं मोल सगळ्या महाराष्ट्राला, खर्च मात्र कुंपणाशेजारच्या चार गावांना. म्हणून भरपाई. तत्त्व निर्विवाद आहे.

व्यवहार असा : नुकसान झाल्यावर तीन दिवसांत कळवायचं, मग वनखातं, कृषी खातं आणि तलाठी मिळून पंचनामा करणार, डोळ्यांनी अंदाज घेणार. अर्ध्या एकराच्या हरभऱ्यासाठी कचेरीच्या तीन खेपा मारायच्या तर मजुरी बुडते ती वेगळीच. बरेच जण अर्जच करत नाहीत आणि कागदावर नुकसान झालेलंच नसतं. माणूस दगावला तर आता २५ लाख मिळतात. रक्कम सरकारनं वेळोवेळी वाढवली, हे चांगलं केलं. पण पिकाचं माप तेच राहिलं. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोब्याच्या कडेच्या शेतांचा अभ्यास केला. जनावरं पिकाचं किती खातात हे डोळ्यांना दिसतं त्याहून जास्त असतं, आणि शिवाय भीतीनं शेतकरी खत-मेहनतच कमी करतो, ते नुकसान पंचनाम्यात कधीच येत नाही, हे त्यातून पुढे आलं. त्यांनी २०१६ मध्ये वेगळी रीत मांडली. खाल्लेलं मोजूच नका, पिकलेलं मोजा. गटातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांदेखत आपलं उत्पन्न सांगावं. जंगलापासून लांबच्या शेतांच्या मानानं गटाची घट किती ते काढावं, आणि ती भरपाई वाटताना ज्यानं जास्त पिकवलं त्याला जास्त द्यावी. म्हणजे कमी पिकलं असं खोटं सांगण्यात फायदा नाही आणि रान पडीक टाकण्यातही नाही. राखण करणारा, मेहनत करणारा वर येतो. सागरेश्वरच्या चार गावांत हे करून बघायला कुणाची हरकत असावी?

कोकणात २०१८ पासून याहून साधी गोष्ट चालू आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी अडकली आणि मच्छीमारानं जाळं कापून तिला सोडलं, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग जाळ्याचे पंचवीस हजार रुपयांपर्यंत देतात, फोटो दाखवला की. इथे पैसा मिळतो तो जनावर वाचवल्याबद्दल. पूर्वी त्याच जनावराचा अर्थ फाटलेलं जाळं एवढाच होता. झाडांचंही असंच. २०१९ च्या पावसाळ्यात तेहेतीस कोटी रोपं लावायचा संकल्प होता आणि गावोगाव खड्डे मोजले गेले. रोजगार हमीतच जिवंत रोपांवर मजुरी देणारा बिहार पॅटर्नही आहे : नव्वद टक्क्यांवर रोपं जगली तर पूर्ण, पाऊणशे ते नव्वद जगली तर अर्धी. जिथे तो नीट राबवला तिथे कुटुंबं उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालतात.

मोजताच येत नाही अशा कामाचं काय करायचं, हा प्रश्न राहतो. त्याचं उत्तर विटेकरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. इथली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी देशभर पसरली. सोन्या-चांदीच्या कामात कण हाताला लागला की कुणाला कळणार? त्यांनी माप शोधत बसण्यापेक्षा गावाकडचा पोरगा, भाचा, मेव्हणा नेला, त्याला धंदा शिकवला आणि पुढे त्याला दुकान घालून दिलं. पगारापेक्षा उद्याच्या दुकानाचा भरवसा मोठा होता. मात्र त्या दुकानातला आम्लाचा धूर कुणाच्या छातीत जातो, हे मी त्यांनाही विचारीन.

पुढच्या काही महिन्यांत तुमच्यासमोर तीन कागद येतील. यंत्रमाग मजुरीचा करार, ऊसतोडीचा करार आणि टेंभूच्या पाणीवापर संस्थेच्या सभेची विषयपत्रिका. मजुरीच्या करारात मीटरच्या भावाबरोबर पाळीचे तास आणि धुळीचा बंदोबस्त लिहून घ्या. ऊसतोडीच्या करारात बाईचं नाव आणि तिचं बँक खातं वेगळ्या ओळीवर मागा. आणि पाणीवापर संस्थेच्या सभेला स्वतः जा, घनमीटरनं पाणी मोजायचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात आला की नाही, हे सही करायच्या आधी वाचून बघा.